सारण नंतर, आधी पीठ विचारा : रस्त्यावरचे तमाले घेताना

सकाळी सहा-सातला बसथांब्याजवळ, लाँड्रोमॅटच्या दाराशी किंवा मेक्सिकन किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये छत्रीखाली तमाले विकणारी एक बाई उभी असते. पुढ्यात ढकलगाडी, गाडीत अ‍ॅल्युमिनियमचं उंच पातेलं, नाहीतर टॉवेलांनी गच्च झाकलेला कूलर, म्हणजे अन्न गरम किंवा थंड राखणारी जाड पेटी. पाटी असलीच तर पुठ्ठ्याची, नाहीतर गिऱ्हाइकांची रांग हीच पाटी. लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, शिकागो, सॅन होजेला नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला हे दृश्य लवकरच दिसतं आणि बरेचजण बघून पुढे निघून जातात. काय मागायचं ते कळत नाही आणि आत काय असेल याची खात्री नसते. दोन्हींवर उपाय आहे.

आधी नाव. एक असेल तर तमाल, अनेक असतील तर तमाले. आपल्या तमालपत्राशी नातं नाही. मूळ शब्द नाहुआत्ल भाषेतला ‘तमाल्ली’. मक्याच्या पिठाचं जाड आवरण, पोटात सारण, बाहेर मक्याच्या कणसाचं वाळकं पान आणि तासा-दीड तासाची वाफ. पातोळ्या खाल्लेल्या माणसाला वेगळं समजवायला नको. पिठाला स्पॅनिशमध्ये ‘मासा’ म्हणतात. हा आपला मासा नव्हे, शाकाहाऱ्यांनी दचकू नये. दचकायचं कारण दुसरंच आहे.

पिठात काय असतं

मका कळीच्या चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर त्यातच भिजत ठेवतात. विड्याला लावतो तोच चुना. त्याने दाण्याचं साल सुटतं, दळलेलं पीठ एकजीव होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपात मक्यावर दिवस काढणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याने होणारा रोग, व्हायचा; मेक्सिकोत पिढ्यान् पिढ्या मका खाऊनही तो रोग तसा बोकाळला नाही, त्याचं मोठं कारण हा चुना. या मक्याला निश्तमाल म्हणतात. ओल्या निश्तमालच्या पिठाचा तमाल आणि पाकिटातल्या कोरड्या पिठाचा तमाल यांत फरक पडतो. पहिल्याला भाजलेल्या कणसाच्या जवळ जाणारा वास असतो, दुसरा जरा सपाट लागतो. दोन्ही विकले जातात, आणि पाकिटाचं पीठ वापरणारी प्रत्येकजण वाईट करते असंही नाही.

आता दचकायची गोष्ट. या पिठात चरबी फेटून घालतात. किलोभर ओल्या पिठाला पाव किलो तरी, आणि सढळ हाताची बाई असेल तर त्याहून बरीच जास्त. फेटून फेटून पिठात हवा भरली की त्यातली गोळी पाण्याच्या पेल्यात टाकून बघतात. तरंगली तर पीठ झालं, बुडाली तर अजून फेटायचं. ही चरबी म्हणजे ‘मान्तेका’, आणि बहुतेक ठिकाणी ती डुकराची. शिवाय पीठ सैल करायला कोंबडीचा किंवा डुकराच्या मांसाचा रस्सा घालतात, नाहीतर चिकन पावडर. म्हणजे मिरची-चीजचा तमाल ‘सिन कार्ने’, मांसाविना, असतो हे खरं, पण तो शाकाहारी असेलच असं नाही. विकणारी खोटं बोलत नसते. ‘आत मांस आहे का’ असं तुम्ही विचारता, ती ‘नाही’ म्हणते. प्रश्नच चुकलेला असतो. गोड तमालातही अनेकदा हीच चरबी असते, हे लोकांना फार उशिरा कळतं.

म्हणून सारणाआधी पिठाचं विचारा. वाक्य पाठ करा: ‘ला मासा येवा मान्तेका दे प्वेर्को?’ म्हणजे पिठात डुकराची चरबी आहे का. ‘मान्तेका वेहेताल’ असं उत्तर आलं तर वनस्पती तूप, ‘आसेइते’ म्हणजे तेल, ‘मान्तेकिया’ म्हणजे लोणी. नुसतं ‘मान्तेका’ असं उत्तर आलं तर डुकराचीच धरून चाला. दुसरा प्रश्न: ‘इ काल्दो दे पोयो?’ आणि कोंबडीचा रस्सा? दोन्हींची उत्तरं मनासारखी आली तरी एक बाब उरते. सगळे प्रकार एकाच पातेल्यात उभे राहून वाफवलेले असतात आणि वरच्या तमालाचा रस खालच्यावर ओघळतो. हे ज्याला चालत नाही त्याने रस्त्यावरचे तमाले घेऊ नयेत, हा सरळ सल्ला. पर्याय पुढे दिला आहे.

पातेल्यात काय काय असतं

‘दे के आय?’ एवढं विचारलं की काय काय आहे याची यादी भराभर ऐकू येते. दुसऱ्यांदा विचारायला लाजू नका. साधारण असं ऐकू येईल.

‘वेर्दे’ म्हणजे हिरवा: तोमातियो या आंबट हिरव्या फळाची चटणी आणि बहुधा कोंबडी, कधी डुक्कर. ‘रोहो’ म्हणजे लाल: सुक्या लाल मिरच्यांच्या वाटणातलं डुकराचं मांस. रंग बघून जळजळीत वाटतो, पण ग्वाहियो मिरची आपल्या ब्याडगीसारखी, रंग जास्त आणि तिखट बेताचं. कोल्हापुरी जिभेला दोन्ही सौम्यच. खरं तिखट असेल तर ते ‘राहास’मध्ये, मिरचीच्या पट्ट्या आणि चीज. पट्ट्या पोब्लानोच्या असल्या तर सौम्य, हालापेन्योच्या असल्या तर डोळ्यांत पाणी. ‘मोले’ म्हणजे मिरच्या, मसाले आणि बहुधा तीळ, शेंगदाणे किंवा बदाम यांचं दाट काळपट वाटण. शेंगदाण्याची किंवा सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असलेल्याने हा प्रकार टाळावा. मोले दाट करायला पावही घालतात, त्यामुळे गहू चालत नसेल तर तिथेही जपून. ‘दुल्से’ गोड, बहुधा गुलाबी रंगाचा, आत बेदाणे. ‘एलोते’ ताज्या कोवळ्या मक्याचा, मऊ आणि गोडसर. ‘फ्रिहोल’ म्हणजे शिजवून घोटलेले घेवड्याचे दाणे.

गोमांस न खाणाऱ्यांनी ‘रेस’ हा शब्द लक्षात ठेवावा. टेक्ससमध्ये तो जास्त ऐकू येतो. ‘देसेब्रादा’ म्हणजे तंतू काढलेलं मांस आणि ते बहुतेकदा गाईचं. ‘चिचार्रोन’ म्हणजे डुकराची तळलेली कातडी.

केळीच्या पानात बांधलेले चौकोनी, चपटे तमाले दिसले तर ते ओआहाका, व्हेराक्रूझ, युकातान या भागांतले किंवा ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरासचे. पीठ ओलसर आणि मऊ, पानाचा वास पुरेपूर. आत कोंबडीचा तुकडा हाडासकट असू शकतो, तेव्हा पहिला घास बेतानं.

केव्हा जायचं आणि काय बघायचं

लवकर. पहाटे बांधकामावर, कारखान्यात निघालेले कामगार हे पहिलं गिऱ्हाईक, आणि नऊ-साडेनऊला चांगले प्रकार संपलेले असतात. रविवारी चर्च सुटल्यावर दुसरा हंगाम. ‘या से आकाबारोन’ ऐकू आलं की संपलं, उद्या या.

गाडीपाशी पोचलात की वाफ बघा. झाकण उघडल्यावर भपकन वाफ यायला हवी. कूलरमध्ये ठेवले असतील तरी टॉवेल बाजूला केल्यावर तोंडावर उष्णता जाणवली पाहिजे. गरम अन्न ५७ ते ६० अंश सेल्सियसच्या खाली तासन् तास राहिलं की त्यात जंतू वाढतात, आणि चांगला भरलेला कूलर काही तासच हे तापमान धरतो. दुपारी दोनला अर्धा रिकामा कूलर आणि कोमट तमाले असतील तर मांसाचा घेऊ नका. दुसरी खूण हातांची: पैसे घेणारा हात आणि चिमटा धरणारा हात वेगळा असावा, किंवा दोन माणसं असावीत. बाटलीतली हिरवी चटणी उन्हात तापत ठेवलेली दिसली तर ती सोडून द्या, तमाल तसाच खा.

परवान्याबद्दल थोडं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१९ पासून फुटपाथवर विकणं हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. नियम मोडला तर दंड होतो. खाण्याच्या गाड्यांसाठीचे आरोग्याचे नियम २०२२ च्या कायद्याने थोडे सोपे झाले. अ‍ॅरिझोनात घरी शिजवलेले असे पदार्थ विकायची मुभा देणारा कायदा २०२४ मध्ये झाला, आणि लोक त्याला तमाले-कायदाच म्हणतात. गाडीवर आरोग्य खात्याचा परवाना लावलेला असेल तर उत्तम. नसेल तर घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण विक्रेतीची उलटतपासणी करू नका. कागदपत्रांची विचारणा, न विचारता काढलेला फोटो, ‘तुम्ही कुठल्या, कधी आलात’ हे प्रश्न. यांतलं काहीही तिला संकटाची चाहूल वाटू शकतं.

मागायचं कसं

रांगेत उभं राहिलात की आधी ‘ब्वेनोस दियास’. नमस्कार न करता थेट मागणं तिथे उद्धट समजतात, आणि बाईला ‘सेन्योरा’ म्हणावं, आपण काकू म्हणतो तसं. मग ‘मे दा दोस दे राहास, पोर फावोर’: राहासचे दोन द्या. अर्धा डझन ‘मेद्या दोसेना’, डझन ‘उना दोसेना’. डझनात प्रकार मिसळून मिळतात, पण घरी सगळे सारखेच दिसतात. काही जणी प्रकारानुसार पानाच्या पट्टीने गाठ मारतात, काही जणी फक्त पातेल्यातल्या जागेवरून ओळखतात. म्हणून प्रत्येक प्रकार वेगळ्या पिशवीत मागा आणि पिशवीवर पेनने अक्षर टाका. शाकाहारी पाहुण्याच्या ताटात डुक्कर जाण्याची घटना बहुतेक वेळा इथेच घडते, गाडीवर नव्हे.

एक तमाल साधारण २ ते ४ डॉलरला पडतो, डझनाला थोडी सूट असते. घासाघीस करू नये. सुट्या नोटा जवळ ठेवा. २० ची नोट चालते, १०० ची सकाळी सहाला कुणीच मोडून देत नाही. बऱ्याच जणी फोनवरूनही पैसे घेतात. माणशी दोन तमाले पोटभर होतात, भुकेल्याला तीन. दहा जणांसाठी दोन डझन, आणि उरलेले हवेच असतील तर अडीच.

बरोबर ‘चांपुर्रादो’ मिळाला तर घ्या: मक्याचं पीठ आणि चॉकलेट घालून दाटवलेलं गरम पेय. ‘आतोले’ म्हणजे चॉकलेटविना तेच, व्हॅनिला, दालचिनी किंवा फळांच्या चवीचं. दोन्ही पोटाला जड असतात. मेक्सिको सिटीत तमाल पावात घालून खातात, त्याला ‘ग्वाहोलोता’ म्हणतात; पिठात पीठ हा प्रकार वडापाव खाणाऱ्या माणसाला पटायला वेळ लागत नाही. त्या शहरात तिचाकी सायकलवर ओआहाकाच्या तमालेची ध्वनिमुद्रित हाक संध्याकाळी गल्लोगल्ली फिरते.

सोलताना आणि चाखताना

पान खायचं नसतं. हे सांगावं लागतं, कारण १९७६ च्या एप्रिलमध्ये प्रचाराला सॅन अँटोनियोला गेलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड सर्वांसमक्ष तमाल पानासकट खायला निघाले होते. टेक्ससने ते अजून विसरलेलं नाही.

पातेल्यातून काढल्या काढल्या सोलू नका. आठ-दहा मिनिटं तसाच राहू द्या. वाफेत असताना पीठ मऊ असतं आणि पानाला चिकटतं. जरा निवलं की आवळून बसतं आणि पान अलगद सुटतं. नवख्यांच्या निम्म्या तक्रारी, ‘कच्चा होता, पानाला चिकटला’, या घाईतून येतात. दहा मिनिटांनंतरही पान सोलताना पीठ लेपासारखं राहिलं आणि मध्ये ओलसर, चिकट, कच्च्या पिठाची चव लागली तर मात्र तो खरंच कमी शिजलेला आहे.

बाकीचे दोष ओळखायला सोपे. कोरडा, चुरा होणारा, घशात अडकणारा: चरबी कमी पडली किंवा कालचा परत गरम केलेला. घट्ट, रबरासारखा: पीठ फेटलं नाही. खालचं टोक गिळगिळीत आणि फिकं: पातेल्यातलं पाणी उकळून वर आलं, पीठ पाण्यात बसलं. वरून तेलाचा ओघळ आणि जिभेवर मेणासारखा थर: चरबी जास्त. पहिले दोन घास नुसतं पीठ असणं हा दोष नाही, टोकांना सारण नसतंच. पण मधोमध चमचाभरच असेल तर हात आखडलाय. चांगला तमाल काट्याने तोडला की मऊ रव्याच्या केकसारखा फुटतो.

घरी आणल्यावर

दोन तासांत खाऊन संपवा नाहीतर फ्रिजमध्ये टाका, पानासकट. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. फ्रीझ करताना पिशवीतली हवा काढा, नाहीतर पीठ कोरडं पडतं.

परत गरम करायला मराठी स्वयंपाकघरातलं मोदकपात्र सर्वांत उत्तम. तमाले उभे ठेवा, उघडं तोंड वर, पाणी जाळीच्या खाली बोटभर. फ्रिजमधले १५ ते २० मिनिटं, गोठलेले अर्धा तास. कुकरमध्ये ठेवाल तर शिट्टी काढून. मेक्सिकन घरांतली एक युक्ती जरूर उचला: तळाशी एक स्वच्छ नाणं टाकायचं. पाणी उकळत असेपर्यंत ते खुळखुळतं, आवाज थांबला की पाणी संपलं, ताबडतोब गरम पाणी ओता. मायक्रोवेव्हमध्ये ओल्या कागदी टॉवेलात गुंडाळून, पान न काढता, एकेक मिनिट-दीड मिनिट. आत ७४ अंश सेल्सियस झालं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सर्वांत चविष्ट मार्ग तव्याचा: पानासकट मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, उलटसुलट. पान काळं पडतं, पिठाला खमंग कड येते. धूर होतो, खिडकी उघडा.

सणाची ऑर्डर

डिसेंबरमध्ये रांगेत उभं राहून डझनभर मिळतील या भ्रमात राहू नका. नाताळचे तमाले डझनांनी आधी सांगून ठेवतात, थँक्सगिव्हिंगनंतर लगेच. आगाऊ थोडे पैसे द्यावे लागतात. ऑर्डर देताना चार गोष्टी कागदावर लिहून दोघांकडे ठेवा: प्रकार आणि प्रत्येकाची संख्या, २३ की २४ तारीख, किती वाजता, आणि ‘क्रुदोस’ की ‘कोसिदोस’, कच्चे की शिजलेले. शेवटचं विसरलं की घोटाळा ठरलेला. कच्चे घेतले तर घरी तास-दीड तास वाफवावे लागतात, आणि संध्याकाळी सात वाजता पाहुणे दारात असताना हे कळणं बरं नव्हे. दुसरा मोठा दिवस २ फेब्रुवारी, कांदेलारिया हा ख्रिस्ती सण. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, कापतात त्या गोल पावात ज्याला बाहुली सापडते त्याने त्या दिवशी सर्वांना तमाले खिलवायचे असतात, त्यामुळे १ तारखेपासूनच विक्रेत्या पुऱ्या अडकलेल्या असतात.

शाकाहाऱ्यांसाठी राहिलेला पर्याय इथे. मेक्सिकन किराणा दुकानात आणि तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, करणाऱ्या दुकानात ओलं पीठ वजनावर मिळतं. ‘मासा प्रेपारादा’ घेऊ नका, त्यात चरबी आधीच असते. ‘सिन प्रेपारार’ मागा आणि घरी लोण्याने किंवा तेलाने फेटा. किंवा दोन-तीन डझनांची ऑर्डर देऊन ओळखीच्या बाईंना वनस्पती तूप आणि भाजीच्या पाण्यात वेगळं पातेलं लावायला सांगा. डझन-अर्ध्या डझनासाठी असं सांगू नये. पीठ फेटण्याची मेहनत दोन्हींना सारखीच.

काही बिघडलं तर

तमाले मोजायचे ते गाडीपाशीच. अकरा निघाले तर तिथल्या तिथे सांगा, बारावा निमूट मिळतो. कच्चा किंवा आंबूस निघाला तर उरलेला घेऊन दुसऱ्या दिवशी जा आणि शांतपणे दाखवा; बहुतेकजणी बदलून देतात, कारण त्यांचा धंदा रोजच्या चेहऱ्यांवर चालतो. आंबूस वास आलेला मात्र चाखूनही बघू नका.

इंटरनेटवर लिहायचं असेल तर प्रकार, पिठाचा पोत, वार आणि वेळ लिहा. ‘अप्रतिम’ या शब्दाने पुढच्या गिऱ्हाइकाला काही कळत नाही. ‘शनिवारी आठ वाजता राहास गरम, पीठ मऊ, तिखट जास्त’ याने कळतं. इतरांचं वाचतानाही हीच चाळणी लावा: कोरडा म्हणणारा किती वाजता गेला होता? अकरानंतरचा असेल तर तो बाईंचा नाही, घड्याळाचा दोष. आणि बिनपरवान्याच्या गाडीचा नेमका कोपरा आणि चेहरा दिसणारा फोटो टाकण्याआधी तिला विचारा. काही जणींना जाहिरात हवी असते, काही जणींना ती परवडत नाही.